बेनीचा दशांश: चुकीच्या उत्तरांचा अर्थ लावण्याचं एक प्रकरण

बेनी बारा वर्षांचा, अमेरिकेतल्या एका शाळेत सहावीत शिकणारा मुलगा. बुद्ध्यंक ११० ते ११५. दुसरीपासून तो ज्या कार्यक्रमातून गणित शिकत होता, त्यात त्याची गाडी व्यवस्थित पुढे सरकत होती आणि त्याच्या बाई त्याला गणितात चांगल्या मुलांमध्ये धरत होत्या. या मुलाच्या मते २/१० म्हणजे १.२, ५/१० म्हणजे १.५ आणि ०.३ + ०.४ म्हणजे ०.०७.

इलिनॉय विद्यापीठातले संशोधक स्टॅन्ली अर्लवँगर त्या शाळेत जात होते ते मागे पडलेल्या मुलांना मदत करायला. बेनी मागे पडलेल्यांत नव्हता. तरी त्याच्याशी बोलताना लक्षात आलं की आधी पार केलेल्या कित्येक गोष्टी त्याला कळलेल्याच नाहीत. मग अर्लवँगरनी त्याच्याशी अनेकदा बोलून ती संभाषणं ध्वनिमुद्रित केली. त्यावरचा लेख १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. गणितशिक्षणाच्या संशोधनात एका मुलाच्या बोलण्यावर उभा राहिलेला आणि इतका वाचला गेलेला दुसरा लेख क्वचितच सापडेल. शिक्षणातला अन्वयार्थक दृष्टिकोन, म्हणजे मूल जे करतं त्याचा त्याच्या बाजूने अर्थ लावणं, प्रत्यक्षात कसा चालतो हे पाहायचं तर यासारखं प्रकरण नाही, कारण यात अर्थ लावायचा आहे तो चार ओळींच्या आकडेमोडीचा, आणि तिथे काय बरोबर नि काय चूक याबद्दल कुणाचंच दुमत नाही.

व्यवस्था कशी होती

कार्यक्रमाचं नाव 'इंडिव्हिज्युअली प्रिस्क्राइब्ड इन्स्ट्रक्शन', थोडक्यात आयपीआय. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या केंद्राने तो १९६०च्या दशकात तयार केला. गणिताचे बारीक तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचं उद्दिष्ट 'विद्यार्थी अमुक करून दाखवेल' अशा शब्दांत लिहायचं आणि प्रत्येकासाठी एक पुस्तिका ठेवायची. मुलाने आधी चाचणी द्यायची, मग नेमून दिलेल्या पुस्तिका आपल्या गतीने सोडवायच्या, मग पुन्हा चाचणी. तपासणी उत्तरसूचीवरून, बहुतेकदा मदतनिसाकडून. ८० टक्के किंवा जास्त आले की तुकडा आत्मसात झाला असं समजून पुढची पुस्तिका.

हेतू वाईट नव्हता. हुशार मूल अडकून पडू नये, संथ मुलाची फरफट होऊ नये, यासाठीच ही मांडणी होती. पण तिच्यात शिक्षक आणि मूल गणिताबद्दल बोलायची वेळ केव्हा येते? मूल अडलं आणि स्वतः उठून गेलं तर. बेनी अडत नव्हता. उत्तर चुकलं की तो ते बदलायचा, दुसऱ्या रूपात लिहायचा आणि सूचीशी जुळलं की पुढे जायचा. ही पद्धत त्याने चांगलीच हस्तगत केली होती. चार वर्षं त्याचं शिकणं असं चाललं, आणि त्याला नेमकं काय वाटतंय हे विचारायचा प्रसंगच कुणावर आला नाही. बाईंचं दुर्लक्ष झालं असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांच्या हातात जो कागद येत होता, त्यावर मुलगा उत्तीर्ण होता.

उत्तरं वाचताना

२/१० = १.२. हे एकच उत्तर समोर असेल तर सरळ 'दशांश येत नाहीत' असा शेरा मारावासा वाटतो. अन्वयार्थक काम इथून सुरू होतं, आणि पहिली शिस्त हीच की एका उत्तरावरून निष्कर्ष काढायचा नाही. शेजारी बाकीची उत्तरं ठेवायची. बेनीची काही अशी: ४२९/१०० = ५.२९. ३/१००० = १.००३. २७/१५ = ४.२. १/८ = ०.९. ४००/४०० = ८.००.

आता दिसतं. अंश आणि छेद यांची बेरीज करायची आणि तिच्यात कुठेतरी दशांश चिन्ह टाकायचं. ४२९ अधिक १०० म्हणजे ५२९, ३ अधिक १००० म्हणजे १००३, ४०० अधिक ४०० म्हणजे ८००. 'कुठेतरी' हेही अगदी मोकाट नाही. छेदात एक शून्य असेल तर चिन्हानंतर एक अंक, दोन असतील तर दोन, तीन असतील तर तीन, असं या उत्तरांवरून वाचता येतं. म्हणजे ४२९/१०० चं दशांश रूप लिहिताना दोन घरं मोजायची ही खरी, वर्गात शिकवली जाणारी गोष्ट त्याच्याकडे आहे. चुकीच्या नियमाच्या पोटात बरोबर नियमाचा एक तुकडा शाबूत बसलेला आहे, आणि तो तिथे आहे म्हणूनच सगळा नियम मुलाला भरवशाचा वाटतो.

हा नियम हाती आला की मागचं उत्तर पुन्हा वाचायचं. आता १.२ मध्ये निष्काळजीपणा दिसत नाही. भागावरून अखंडाचा अंदाज आणि अखंडाच्या उजेडात भागाचं पुन्हा वाचन, या फेऱ्याला अर्थनिर्णयशास्त्रात, म्हणजे अर्थ कसा लावावा याच्या शास्त्रात, मध्यवर्ती जागा आहे. जर्मन विचारवंत श्लायरमाखर यांनी तो ग्रंथांच्या वाचनासाठी मांडला, डिल्टाय यांनी मानवी जीवनाच्या एकंदर अभ्यासापर्यंत नेला. निसर्गाचं आपण स्पष्टीकरण देतो, माणसाचं मन समजून घेतो, हा भेद डिल्टाय यांचा. बेनीच्या वहीच्या बाबतीत तो शब्दशः लागू पडतो: त्याला दोन गुण कमी का पडले याचं स्पष्टीकरण सूचीवरून देता येईल, पण त्याने १.२ का लिहिलं हे समजून घ्यायला त्याच्याशीच बोलावं लागेल.

अर्लवँगरनी उलट्या दिशेनेही विचारलं: ०.५ चा व्यवहारी अपूर्णांक काय? बेनीने ३/२ सांगितला, आणि २/३ही चालेल, १/४ चालेल, ४/१ चालेल, बेरीज ५ आली म्हणजे झालं. इथे नियमाची परीक्षा झाली. पहिल्या उत्तरांवरून बांधलेला अंदाज चुकीचा असता तर इथे कोसळला असता.

पुढचा प्रश्न मला या संपूर्ण प्रकरणात सर्वांत शिकवणारा वाटतो. ४/११ चं त्याने १.५ सांगितलं. मग उलटवून ११/४ केलं तर? काही फरक पडणार नाही, तेही १.५. कसं काय? यावर बेनीने जे कारण दिलं ते बेरजेच्या सरळ नियमाचं नव्हतं. वर अकरामध्ये एक दहा आहे, तो दहा काढून खाली ठेवायचा, मग उरलेले आकडे मिळवायचे, असं काहीसं त्याने जागच्या जागी रचलं आणि पुन्हा १.५ वर येऊन थांबला. घाईचा संशोधक लिहील: 'नियम क्रमांक दोन, दहा खाली उतरवणे.' तसं लिहू नये. मूल जो नियम वापरतं आणि विचारल्यावर जे समर्थन देतं, या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. समर्थन खोटं असतं असं नाही. पण ते प्रश्नामुळे जन्मलेलं असतं. दुसऱ्या उदाहरणात ते आपणहून पुन्हा आलं तरच त्याला नियम म्हणायचं, तोवर नोंद निराळ्या रकान्यात.

०.३ + ०.४ = ०.०७ मागचं कारण अधिक स्वच्छ आहे. दोन्ही संख्यांत चिन्हापुढे एकेक अंक, म्हणून उत्तरात दोन. ०.४४ + ०.४४ असेल तर चार अंक. हा नियम कुठून आला हे सहावीच्या कोणत्याही शिक्षकाला लगेच ओळखू येईल: तो गुणाकाराचा आहे. ०.७ × ०.५ = ०.३५ तिथे तो अचूक चालतो. गुणाकाराच्या पुस्तिकेत बेनीला पैकीच्या पैकी मिळतील, आणि त्याच गुणांनी बेरजेतली चूक पक्की होईल. गणिताचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा वेगळा तपासला की शेजारच्या तुकड्यातून आलेली चूक पकडणारं कुणी उरत नाही.

सूचीने शिकवलेली गोष्ट

इथपर्यंतचं काम चुकांच्या विश्लेषणात मोडतं. बेनीचं प्रकरण त्यापुढे जातं, कारण अर्लवँगर 'तू कसं केलंस' एवढ्यावर थांबले नाहीत. हे नियम कुठून येतात, उत्तर बरोबर आहे हे कसं ठरतं, हेही त्यांनी विचारलं.

बेनीचं म्हणणं, अपूर्णांकांचे शंभर वेगवेगळे नियम आहेत. ते कुणा फार हुशार माणसाने शोधले असणार, आणि त्याला बरीच वर्षं, पन्नासेक तरी, लागली असतील, कारण नियम काढायला त्याला सगळी उदाहरणं सोडवावी लागली असतील. आणि बरोबर-चूक? ते सूची ठरवते. १/२ च्या जागी २/४ लिहिलं तर चूक धरतात. २ + ०.८ ला २ पूर्णांक ८/१० लिहिलं तर चूक. आणि २ + ८/१० ला १.० लिहिलं तरी चूक. त्याच्या मते खरं तर दोन्ही एकच, सूची काहीही म्हणो. तपासणारे उत्तर खरं आहे का ते पाहत नाहीत, सूचीत काय आहे ते पाहतात. त्यामुळे आपलं काम म्हणजे त्यांना हवं असलेल्या उत्तरामागे उगाच धावत सुटणं.

हे सावकाश वाचायला हवं. १/२ आणि २/४ समान आहेत, हे बेनीचं म्हणणं गणिताच्या दृष्टीने निखालस बरोबर आहे. २ पूर्णांक ८/१० आणि २.८ही समान आहेत. सूचीने त्याची खरी उत्तरं नाकारली आणि त्याला ते जाणवलं. पण यावरून त्याने धडा काढला तो असा की एकाच उदाहरणाला निरनिराळ्या रीतींनी निरनिराळी उत्तरं येतात, ती आतून सगळी एकच असतात आणि कोणतं 'धरायचं' ते वरून ठरतं. एकदा हे मान्य केलं की २ + ८/१० = १.० यात खटकण्यासारखं काही राहत नाही. ४/११ आणि ११/४ दोन्ही १.५ यातही नाही. आपल्याला ज्या विसंगती दिसतात, त्या त्याच्या जगात विसंगती नाहीतच.

म्हणजे वाचनाचे तीन थर झाले: एकेक उत्तर, उत्तरांमागचे नियम, आणि नियम म्हणजे काय याची समजूत. तिसरा थर कळल्याशिवाय दुसरा अर्धाच कळतो. आणि तिसरा थर कोणत्याही चाचणीत मोजला जाणार नव्हता, कारण तो घडवण्यात त्या चाचणीचाच हात होता.

याच परंपरेतले जर्मन तत्त्वज्ञ गाडामर यांनी १९६० मध्ये जे मांडलं त्याचा उपयोग इथे आहे. वाचणारा कोऱ्या मनाने येत नाही, पूर्वसमज घेऊनच येतो, आणि समजून घेणं म्हणजे ती समज पणाला लावणं. शिक्षकाची पूर्वसमज अशी की मूल गणित समजून घेण्याचा प्रयत्न करतंय आणि कुठेतरी चुकतंय. बेनी वेगळंच काम करत होता: सूचीच्या मनात काय आहे ते ओळखायचं. संशोधकाने आपली समज सोडली नसती, तर तो शेवटपर्यंत 'दशांशाची संकल्पना कच्ची' एवढंच लिहीत राहिला असता. ते खोटं ठरलं नसतं, पण त्यावरून ठरवलेला उपाय, म्हणजे दशांशाची आणखी एक पुस्तिका, नेमका उलटा पडला असता.

'हे तर तुमचं मत' या आक्षेपाबद्दल

एम.एड. आणि पीएच.डी.च्या मौखिक परीक्षांत गुणात्मक संशोधनाला हटकून विचारलं जातं: नमुना एकच, मग निष्कर्ष कसला? प्रश्न रास्त आहे, उत्तर नेमकं द्यायला हवं. एका बेनीवरून अशी किती मुलं आहेत हे सांगता येत नाही, आणि तसा दावा केला तर तो फेटाळलाच पाहिजे. सांगता येतं ते इतकंच, पण ते थोडं नाही: ८० टक्क्यांची अट, उत्तरसूची आणि तुकड्यातुकड्याने तपासणी असलेल्या व्यवस्थेत एक मूल काही न समजता वर्षानुवर्षं 'प्रगत' राहू शकतं, आणि ते कोणत्या वाटेने, हे टप्प्याटप्प्याने दाखवता येतं. 'हा कार्यक्रम समजुतीची खात्री देतो' या दाव्याला एक नीट वाचलेलं प्रकरण पुरेसं छेद देतं.

आणि अर्थ लावणं मनमानी नाही. बेरजेचा अंदाज तीन प्रकारे तपासता आला: नव्या उदाहरणावर उत्तर आधी वर्तवून, उलट्या दिशेने विचारून, आणि मुलाच्या स्वतःच्या शब्दांशी ताडून. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी वाक्याचं तात्पर्य ठरवायच्या ज्या सहा खुणा सांगितल्या त्यांतल्या दोन संभाषणाच्या लेखी प्रतीवर हाताशी ठेवण्यासारख्या आहेत. एक 'अभ्यास', म्हणजे कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा येते. दुसरी 'उपपत्ती', म्हणजे तिच्यासाठी कोणती युक्ती दिली जाते. सूचीबद्दलची तक्रार बेनीने एकदाच केली असती तर ती त्या दिवशीची चिडचिड म्हणून सोडून देता आली असती.

आपल्या शाळेत करायचं तर

दशांश अपूर्णांक आपल्याकडे पाचवी-सहावीत येतात, आणि तपासणीचा ताण इथेही आहेच: स्वाध्याय पुस्तिका, चाचण्यांचे तक्ते, शिष्यवृत्ती परीक्षेच्या ओएमआर उत्तरपत्रिका. अशी मुलाखत घ्यायला वेगळी यंत्रणा लागत नाही. एक मूल, त्याची स्वतःची वही, सहा ते आठ उदाहरणं, वीस मिनिटं आणि फोनवरचं ध्वनिमुद्रण. पालकांची आणि मुख्याध्यापकांची परवानगी आधी घ्यायची, मुलालाही विचारायचं, आणि लिखाणात नाव, शाळा, गाव बदलायचं.

उदाहरणं निवडताना काही मुद्दाम मुलाला येणारी घ्यावीत. फक्त चुकलेल्याच उदाहरणावर 'कसं केलंस?' विचारलं तर दोन मिनिटांत मूल ओळखतं की प्रश्न आला म्हणजे चुकलंय, आणि लगेच खोडायला लागतं. बरोबर उत्तरालाही तोच प्रश्न, त्याच आवाजात. पेन्सिल-खोडरबर बाजूला ठेवून पेन द्यावं. बदललेलं उत्तर खोडू नये, काट मारावी, कारण पहिलं उत्तर हीच आपली सामग्री आहे. 'का?' हा प्रश्न आपल्या वर्गांत बहुधा रागावताना विचारला जातो, म्हणून 'हे मला समजावून सांग, मी तुझ्या वर्गात नव्यानेच आलोय असं समज' असं काही बरं. प्रश्नानंतर गप्प राहायचं. वर्गातल्या प्रश्नोत्तरांचा अभ्यास करणाऱ्या मेरी बड रो यांच्या निरीक्षणांत शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत होते, तीन सेकंदांवर गेलं की मुलांची उत्तरं लांबत होती. मुलाखतीत पाच-सात सेकंदही जड जातात. ते जाऊ द्यावेत.

सर्वांत जास्त मुलाखती फसतात त्या मध्येच शिकवल्यामुळे. ०.०७ दिसलं की शिक्षकाच्या तोंडून 'पण बघ, ०.०७ हे ०.४ पेक्षा लहान नाही का?' असं निघतंच. तो प्रश्न उत्तम आहे, पण वेळ चुकीची. त्यानंतर मूल आपलं गणित सांगत नाही, आपल्याला काय हवंय ते शोधू लागतं, म्हणजे बेनीचंच काम करू लागतं. असे प्रश्न शेवटच्या पाच मिनिटांसाठी राखून ठेवावेत.

वीस मिनिटांचं बोलणं उतरवायला दोन-तीन तास लागतात. थांबलेली जागा, खोडलेला आकडा, शिक्षकाचा 'हं' सुद्धा लिहावा. त्या 'हं'च्या चढउतारावरून मुलं उत्तर फिरवतात, आणि प्रतीत तो नसेल तर बदल का झाला ते कधीच कळणार नाही. प्रत तयार झाली की आधी एकट्याने वाचून अंदाज लिहायचा, मग सहकाऱ्याला तीच प्रत आपला अंदाज न सांगता वाचायला द्यायची. दोघांचं जुळलं नाही तर वाद घालण्यापेक्षा दोन्ही अंदाजांना निरनिराळं उत्तर देणारं उदाहरण शोधून ते मुलाला घालावं. बेनीच्या बाबतीत 'छेदातली शून्यं मोजतो' आणि 'नेहमी एक घर सोडतो' हे दोन अंदाज २/१० वर वेगळे पडत नाहीत, ३/१००० वर पडतात.

रोजच्या वर्गात प्रत्येक मुलाची मुलाखत शक्य नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. ब्रेंट डेव्हिस यांनी १९९७ मध्ये गणिताच्या वर्गातल्या ऐकण्याचे तीन प्रकार वेगळे केले. उत्तर बरोबर आहे का ते पाहण्यापुरतं ऐकणं हा पहिला. मूल कसा विचार करतंय ते उलगडण्यासाठी ऐकणं हा दुसरा. तिसऱ्यात मुलाच्या बोलण्यामुळे शिक्षकाचा पुढचा प्रश्न, कधी शिक्षकाची स्वतःची गणिताबद्दलची समजही बदलते. तासाला एकदा, एका उत्तरापाशी, पहिल्या प्रकारातून दुसऱ्यात जाणं चाळीस मुलांच्या वर्गातही जमतं.

उपायाबद्दल

बेनीसारख्या मुलाला बरोबर रीत पुन्हा सांगून भागत नाही. त्याच्या लेखी ती एकशे एकावी रीत. त्याचे नियम आपसात भिडतील असं काम द्यावं लागतं. मीटरची टेप घ्या: ०.३ मीटर मोजून खूण करा, तिथून पुढे ०.४ मीटर, आणि कुठे पोहोचलो ते वाचा. टेपवर ७० सेंटिमीटर दिसतात, वहीत ०.०७, म्हणजे ७ सेंटिमीटर. इथे बहुतेक शिक्षक विजयी होऊन थांबतात. थांबू नये, कारण 'टेपवर ०.७ येतं, वहीत ०.०७ येतं' असं मूल शांतपणे म्हणू शकतं. दोन रीती, दोन उत्तरं, ही समजूत त्याच्याकडे आधीपासून आहे. म्हणून पुढचा प्रश्न बेरजेचा नाही: एकाच टेपवरच्या एकाच अंतराला दोन वेगळी मापं असू शकतात का? आणि ०.७ नि ७/१० ही दोन वेगळी मापं आहेत की एकच? दुसऱ्या प्रश्नात मुलाचं 'एकच' हे उत्तर मान्य व्हायलाच हवं, त्याचं २/४ इतके दिवस नाकारलं गेलं होतं. समान रूपं आणि भिन्न उत्तरं यांतला फरक त्याला सूचीकडे न पाहता स्वतः करता यायला हवा. ४/११ आणि ११/४ संख्यारेषेवर लावायला देणं हे त्याचंच पुढचं काम: पहिलं शून्य आणि एकच्या मध्ये पडतं, दुसरं दोनच्या पलीकडे.

तीनेक आठवड्यांनी तीच उदाहरणं क्रम बदलून पुन्हा घालावीत, आणि त्यात एक दशांशाचा गुणाकार जरूर असावा. बेरीज सुधारताना गुणाकाराचा चांगला चाललेला नियम मुलाने टाकून दिला असेल, तर ते तिथेच दिसेल.